उशिरा लागलेला ब्रेक

युवास्क्युला,
११ ऑगस्ट

प्रिय आर्त्तूदादा,

कसा आहेस? कुहमोच्या जंगलात अजून डासांचा उच्छाद आहे आणि तुझं झाडं तोडायचं यंत्र दलदलीत रुतून बसलं होतं, एवढं मला आईकडून कळलंय. तू तिला रविवारी फोन करतोस, मी सोमवारी. त्यामुळे तुझी खबर मला एक दिवस शिळी मिळते, पण मिळते. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण सौना तापवायला सरपण स्वतःच फोडते, कुणाला हात लावू देत नाही. यंदा ब्लूबेरी इतक्या आल्यात की मी घरी नसताना ती माझ्या दाराशी दोन बादल्या ठेवून गेली. आता मी सकाळ-संध्याकाळ तेच खातेय. जीभ जांभळी करून टीव्हीवाल्यांसमोर उभी राहिले परवा.

चार वर्षांत तुला हे पहिलं पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू गप्प बसतोस, आणि समोरचा गप्प बसला की मी वाट्टेल ते बोलून जाते. कागदावर निदान खोडता येतं.

बातमी ऐकली असशीलच, तरी माझ्या हातानं लिहिते. मी जिंकले. घरची मोटार रॅली, आपल्याच रस्त्यांवर. मला जिंकायला आवडतं, दादा. हे वाक्य आपल्या गावात मोठ्यानं म्हणायची सोय नाही. दुकानातली हेल्मीमावशी म्हणाली, "बरं झालं हो, नशीब जोरावर होतं." मी म्हटलं, "नशीब नव्हतं मावशी, मी सगळ्यांपेक्षा वेगात होते." तिनं माझा दुधाचा खोका असा आपटला की कोपरा चेपला. आता गावभर झालं असेल की मुहोनेनांच्या पोरीला शिंगं फुटली. फुटू देत. नम्रपणानं वळण कापता येत नाही.

शेवटच्या टप्प्याचं सांगते. तळ्याकाठचा तो लांब रस्ता आठव, जिथं खडी बारीक आहे आणि गाडी कडेला कडेला सरकत राहते. मी दुसरी होते. पुढच्याला गाठायचं तर तो टप्पा आजवर कुणी चालवला नाही तसा चालवायला हवा होता. मार्युत शेजारी. माझी सहचालक मार्युत, तू तिला भेटलेला नाहीस. एरवी शाळेत गणित शिकवते आणि गाडीतही तशीच बोलते, फळ्यावरची बेरीज वाचल्यासारखी. रस्त्याचं एकेक वळण तिच्या वहीत लिहिलेलं असतं, ती वाचते, मी चालवते. सुरुवातीच्या रेषेवर मला म्हणाली, "तू चालव. विचार करायचा पगार मला मिळतो."

लोकांना वाटतं वेगात सगळं अंधूक होत असेल. माझं उलटं होतं. सावकाश चालवते तेव्हा मला हजार गोष्टी दिसतात, विजेचे खांब, कुणाची वाळत घातलेली चादर, कालचं भांडण. वेग वाढला की एकेक गळून पडतं आणि शेवटी फक्त रस्ता उरतो. इतका स्वच्छ, की त्याच्यावरची ओल वेगळी दिसते आणि सावली वेगळी. त्या दिवशी तसं झालं. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा मार्युतनं वही मिटली आणि म्हणाली, "बरोबर." बस्स एवढंच. तिच्याकडून हे म्हणजे पैकीच्या पैकी.

टीव्हीवाल्या मुलीनं विचारलं, भीती वाटत नाही का? मी सांगितलं, वाटते की. भीती वाटणारा मागे राहतो असं थोडंच आहे. भीती कुठं ठेवायची ते ज्याला ठरवता येत नाही तो मागे राहतो. तिला वाक्य आवडलं. मला नंतर वाटलं, जरा जास्तच झालं.

आता मोठी बातमी. आमच्या संघाचा मालक तेर्वोनेन, त्याला तू ओळखतोसच, तो मला जानेवारीत फ्रान्सच्या डोंगरात उतरवतोय. मोठी गाडी, मोठी शर्यत. करार झाला. मी दोन दिवस उगाचच घरात पळत होते.

शनिवारचा हौक्काहार्यूचा टप्पा रद्द झाला ते पेपरात आलंच आहे. त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही. पत्र लांबलं.

काळजी घे. खातोस ना नीट?

तुझी,
सेन्नी

ता. क. निकुरी बरा आहे. मनगट आणि दोन फासळ्या. तुला जाणून घ्यायचं असेल म्हणून लिहिलं.



युवास्क्युला,
२९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे अस्वलाचं चित्र आणि मागे चार शब्द. "ब्रेक उशिरा लावलास. का?" ना वर प्रिय, ना खाली सही.

मी ते फ्रीजवर लावलं, मग रागानं काढलं, मग पुन्हा लावलं. मार्युत कॉफीला आली होती. वाचून म्हणाली, "चार वर्षांनी भावानं लिहिलं आणि तेही चूक काढायला. अगदी सख्खा दिसतो." मग माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर माहीत नाही. त्या दिवशी तिनं मला विचारलंही नाही. गाडी थांबली याचाच तिला आनंद.

पहिल्या पत्रात मी तो टप्पा गिळला. तू तिथं होतास हे मला माहीत असून "बातमी ऐकली असशीलच" असं लिहिलं. आता नीट सांगते, माझ्या बाजूनं. तुझी बाजू तुझ्याकडे आहे.

खाणीचं वळण संपलं की रस्ता स्प्रूसच्या झाडांमधून सरळ चढतो आणि तो उंचवटा येतो. पलीकडचं काही दिसत नाही, फक्त आभाळ. मार्युत वाचत होती, "सरळ, लांब, उंचवटा, पूर्ण." पूर्ण म्हणजे पाय तळाला, उचलायचा नाही. मी तिथं कधीच उचलत नाही. मार्युत पूर्ण म्हणाली की माझ्या डोळ्यांना त्यात मत नसतं. आमचा सगळा धंदाच त्यावर उभा आहे. मी जे पाहते त्यावर गाडी चालवली तर मी दहावी येईन. ती जे वाचते त्यावर चालवते म्हणून पहिली येते.

कडेला माणसं असतात. झेंडे हलवतात, सॉसेज हलवतात, एकानं तर एकदा पँट हलवली होती. मला ती झाडांसारखी. दिसतात आणि दिसत नाहीत.

तू कडेला नव्हतास. तू रस्त्यात होतास, चाकांच्या वाटेवर, जंगलातलं ते नारिंगी जाकीट घालून, दोन्ही हात वर. हाड मोडल्यापासून तुझा डावा खांदा खाली पडतो. मी तो खांदा ओळखला. समोर माणूस उभा आहे हे त्यानंतर कळलं. मार्युतचं डोकं वहीत. ती म्हणतच होती, "पूर्ण, पूर्ण."

आणि दादा, माझ्या मनात आलं, हा माझी शर्यत मोडायला आलाय.

लिहिलं एकदाचं.

शब्दांत नव्हतं आलं ते, तेवढा वेळच नव्हता. पण जे आलं ते हेच होतं. चार वर्षं धुमसत बसला आणि आज, मी जिंकायला निघालेय त्या दिवशी, उंचवट्यावर येऊन उभा राहिला. मग पाय ब्रेकवर गेला. संध्याकाळी मी परत तिथं जाऊन पाहिलं. खडीवर चाकं घासल्याच्या खुणा कुठून सुरू व्हायला हव्या होत्या आणि कुठून सुरू झाल्या. मधला कोरा तुकडा म्हणजे तो विचार. तूही तो पाहिलास, म्हणून तर अस्वलाचं कार्ड.

तू शेवटच्या क्षणी खड्ड्यात उडी मारलीस. मी चाकं घासत उंचवट्यावरून उतरले आणि पलीकडे माझ्याआधी सुटलेल्या निकुरीची गाडी कुशीवर पडलेली, आख्खा रस्ता अडवून. त्याचा सहचालक वरच्या दारातून अर्धा बाहेर आलेला होता. माझी गाडी थांबली तेव्हा त्यानं हात लांब केला असता तर माझ्या बॉनेटला लागला असता. त्यानं हात लांब केला नाही. तो नुसता माझ्याकडे बघत होता. ते डोळे मला अजून दिसतात, विशेषतः दात घासताना, का कुणास ठाऊक.

तो कोरा तुकडा आणखी थोडा लांब असता तर काय, हे मी लिहीत नाही. तुला गणित येतं.

मग तू धावत आलास आणि म्हणालास, "इंजिन बंद कर. पेट्रोल गळतंय." चार वर्षांतलं पहिलं वाक्य. मी बंद केलं. मार्युत लाल त्रिकोण घेऊन मागे पळाली, मागच्या गाडीला अडवायला. तू त्या पडलेल्या गाडीवर चढलास, पट्टा कापलास, निकुरीला काखेत धरून उचललंस. तो शिव्या देत होता आणि तू त्याला झाड तोडल्यावर बोलतोस त्या आवाजात सांगत होतास, "सावकाश, सावकाश, आता खाली." डॉक्टरची गाडी आली आणि मी वळून पाहिलं तर तू झाडांत निघून गेला होतास.

माझ्या हातात निकुरीचं हेल्मेट होतं, नाहीतर तुझ्या मागे आले असते. खोटं. आले नसते. मला अजून एक टप्पा चालवायचा होता.

तो मी कसा चालवला ते पहिल्या पत्रात आहे. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझे हात थरथरत नव्हते. ह्याची मला लाज वाटायला हवी असं काही जणांना वाटतं. मला वाटत नाही. मी त्याच कामाची आहे. पण हौक्काहार्यूला माझ्या मनात तुझ्याबद्दल जे आलं त्याची लाज वाटते, आणि ती टप्पा जिंकून जात नाही. जाईल असं वाटलं होतं.

आता ती दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल आपण दोघंही बोलत नाही.

गेल्या सोमवारी आई फोनवर म्हणाली, "तेर्वोनेनकडे एकच गाडी होती, आर्त्तूनंच तुला पुढे जाऊ दिलं गं. थोरला ना, मन मोठं."

मी म्हटलं, "आई, असं त्याच्यासमोर कधी बोलू नकोस."

"का? त्याला बरंच वाटेल."

"वाटणार नाही. त्याचा अपमान होईल."

तिला कळलं नाही. तुला कळेल. चार वर्षांपूर्वी तेर्वोनेननं त्या एका गाडीसाठी आपल्या दोघांची चाचणी घेतली, त्या दिवशी तू गाडी घेऊन सुटलास तेव्हा मी खाणीच्या वळणापाशी जाऊन उभी राहिले होते, डोळे मिटून, नुसती ऐकत. तुझ्या इंजिनाचा आवाज कुठंही पडला नाही. तुझ्यात होतं तेवढं सगळं तू ओतलंस. मी तुला तसं चालवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग माझी पाळी आली आणि मी तुझ्यापेक्षा वेगात गेले. झालं ते एवढंच. मी माफी मागत नाही. तूही कधी मागितली नाहीस ती माझ्याकडे, हे मी मानते.

मला वाटतं तू हरल्यामुळे गाव सोडलं नाहीस. गावानं तुला दिलदार ठरवलं म्हणून सोडलंस. जो येईल तो पाठ थोपटणार, वा, बहिणीसाठी सोडलंस. खरं सांगावं तर कोतेपणा दिसणार, न सांगावं तर आयुष्यभर खोटी पाठ थोपटून घ्यायची. त्यापेक्षा जंगल बरं. चुकत असेन तर कार्ड टाक, अस्वल नको, दुसरं काही.

आता मुद्द्याचं. जानेवारीत फ्रान्सच्या डोंगरात रस्ता डांबरी असतो. एका वळणावर कोरडा आणि पुढच्याला सावलीत बर्फ. म्हणून तिथं शर्यतीच्या गाड्या सुटण्याआधी प्रत्येक संघाचा एक माणूस साध्या गाडीतून पुढे जातो, रस्ता पाहतो आणि सहचालकाच्या वहीत लाल पेन्सिलीनं दुरुस्त्या करतो. मागून मी येणार त्या दुरुस्त्यांवर पाय तळाला ठेवून. तेर्वोनेनच्या मनात एक निवृत्त चालक होता. मी म्हटलं, माझा माणूस ठरलाय.

"कोण? तुझा तो भाऊ? तो बोलतो तरी का?"

"बोलत नाही. पाहतो."

"आणि तो हो म्हणालाय?"

"विचारलं नाही अजून."

तेर्वोनेन बराच वेळ त्याची टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "हौक्काहार्यूला रस्त्यात उभा राहिलेला तोच ना? विचार त्याला."

तुला बरं वाटावं म्हणून विचारत नाहीये. तुझ्यापेक्षा चांगले डोळे दुसऱ्या कुणाचे मिळाले असते तर मी त्याला घेतलं असतं. तू मला ओळखतोस. मला जिंकायचंय, आणि माझ्यापुढे रस्त्यात तूच हवा आहेस.

हो असेल तर फोन कर. नाही असेल तर कार्ड पुरे.

वाट बघणं जमत नाही, तरी बघणारी,
सेन्नी



युवास्क्युला,
२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पोचलास ना? आई म्हणाली, कुहमोला कडाक्याची थंडी आहे आणि तू उतरल्या उतरल्या यंत्रावर चढलास. विमानतळावर तू माझ्या हातात साल्मियाकीच्या खारट गोळ्यांची अर्धी खाल्लेली पुडी देऊन निघून गेलास, तोच निरोप समजायचा का?

शर्यत संपताच तुला निघावं लागलं, म्हणून शेवटच्या टप्प्याचं गाडीतून कसं दिसलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते.

तू चार दिवस जे केलंस ते बाकीच्या संघांनी पाहिलंय. तो बेल्जियन चालक येऊन मला विचारून गेला, तुमचा तो लाल पेन्सिलवाला कोण, गाडीतून उतरून रस्त्याला हात लावून बघतो म्हणे. मी म्हटलं, आमच्यातच असतो, देत नाही. मार्युत तर तुझ्या अक्षरावर खूश आहे. तिच्या वर्गात असतास तर पहिल्या बाकावर बसवलं असतं म्हणते.

पण पहिले दोन दिवस मी तुला फसवलं. तू "बर्फ" लिहिलंस तिथं मी पाय उचलला, ते सोपं असतं. तू "कोरडं, पूर्ण" लिहिलंस तिथंही मी किंचित उचलत होते. केसभर. मार्युतलासुद्धा कळलं नाही. घड्याळाला कळलं. तू संध्याकाळी आकडे बघितलेस, माझ्याकडे बघितलंस आणि सूप पीत राहिलास. मला वाटलं आता बोलेल. तू ब्रेड मागितलास.

शेवटच्या दिवशी, तो उतार. चर्चच्या खालची दगडी भिंत, तिची सावली आख्ख्या वळणावर. दुरून रस्ता काळा चकाकत होता, पाणी गोठल्यावर चकाकतो तसा. पुढे गेलेल्या प्रत्येकाच्या चाकांनी तिथं ब्रेक लावलेला दिसत होता. मार्युतनं वाचलं, "भिंतीपाशी चकाकतं. आर्त्तू म्हणतो, डांबर नवीन आहे, म्हणून. कोरडं. पूर्ण."

मला दिसत होतं ते बर्फ होतं, दादा. शपथ घेऊन सांगितलं असतं, बर्फ. कडेला कठडा आणि त्याच्यापलीकडे दरीतल्या गावाची छपरं. मी पाय तळाला ठेवला. गाडी भिंतीच्या सावलीत शिरली, आणि चाकांनी रस्ता असा धरला की माझी मान मागे गेली. मार्युत पुढचं वळण वाचायला लागली सुद्धा. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसत होते. ती म्हणाली, "हसणं नंतर. डावं, अवघड."

त्या टप्प्यात आपण सगळ्यांच्या पुढे होतो. सगळ्यांच्या, त्या फ्रेंच माणसाच्यासुद्धा, जो त्या रस्त्यावर लहानाचा मोठा झालाय. एकूणात सहावे. लोक म्हणतात पहिल्या वेळेला सहावी म्हणजे फार छान. मला ते छान वाटत नाही. पहिले दोन दिवस मी चोरटेपणा केला नसता तर चौथे असतो. तो चोरटेपणा संपला. पुढच्या जानेवारीला मोजून दाखवीन.

एक गोष्ट तुझ्या तोंडावर बोलायची राहिली. शर्यतीनंतर गाड्या ठेवायच्या जागेपासून विमानतळापर्यंत तू ती भाड्याची साधी गाडी चालवलीस, मी शेजारी बसले होते, आठवतं? डोंगर उतरत होतो, रस्ता रिकामा. तू वेगात नव्हतास, नियमात होतास, पण एकदाही जास्तीचा ब्रेक नाही, एकदाही स्टिअरिंग दुसऱ्यांदा हलवलं नाही. मी शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि मला तुझा मत्सर वाटला. फार दिवसांनी वाटला. छान वाटलं.

तू म्हणालास, "काय बघतेस?"

मी म्हटलं, "काही नाही."

तर ते काही नाही हे होतं. तू अजून चालवू शकतोस. दुसऱ्याच्या पुढे जाऊन रस्ता पाहणं हे मोठं काम आहे आणि ते तू माझ्यासाठी करावंस असं मला हवंय, जितकी वर्षं जमेल तितकी. पण तेवढंच करून तुझं भागणार नाही. माझं भागलं नसतं, आणि आपण एकाच घरचे.

जूनमध्ये आपल्या गावच्या खाणीत जुन्या गाड्यांची शर्यत आहे. ज्याला चालवता येतं तो उतरतो. मी माझं नाव दिलंय. आईच्या कोठारातली ती निळी गाडी अजून चालू होते, मी बॅटरी बदलून पाहिली. ती तू घे. मी दुसरी शोधते. सगळं गाव येईल, हेल्मीमावशी सॉसेज विकणार आहे, आणि आई दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसणार म्हणते.

तू मला हरवलंस तर मी तीन दिवस कुणाशी बोलणार नाही, मग ठीक होईन. मी तुला हरवलं तर गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल की कुणी कुणासाठी काही सोडलं नव्हतं. मी पाय उचलणार नाही, दादा. तू उचललास तर मला ऐकू येईल.

तुझ्याहून वेगवान, निदान जूनपर्यंत,
सेन्नी